केशवराव दाते आणि दुय्यम भूमिका



आजच्या व्याख्यानाची पाटी फळ्यावर लागली तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडी कुजबूज झाली. बोनस, प्रॉव्हिडंट फंड आणि विजेचे दर यांवर बोलणारा हा माणूस एका जुन्या नटावर काय बोलणार, असे एकदोघांनी मला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि यंत्रमागांच्या खडखडाटात. नाट्यशास्त्र मी शिकलेलो नाही. तथापि एका माणसाचे बोलणे दुसऱ्या माणसापर्यंत पोचते कसे आणि पोचत नाही ते का, हा माझ्या धंद्याचाच प्रश्न आहे. त्या प्रश्नाचा विचार करताना मला केशवराव दाते भेटले.

कसे भेटले ते आधी सांगतो. मी अकरा वर्षे माग चालवला. ज्यांनी मागावर काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे माणूस कानाने ऐकत नाही. शेजारच्याच्या ओठांवरून आणि हातांवरून त्याचे म्हणणे ओळखतो. माझा उजवा कान त्या मागांनीच नेला. त्यामुळे घरी सिनेमा लागला की निम्मे संवाद मला हुकतात. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने मोबाईलवर प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ लावून दिला. चित्रपट 1937 सालचा. चित्र पुसट झालेले, आवाजात खरखर. मी मनात म्हटले, यातले आपल्याला काय कळणार! परंतु त्यातला म्हातारा बोलू लागला आणि त्याचा शब्द न् शब्द मला कळला. तो ओरडत नव्हता. हा कोण, असे मी विचारले. तो केशवराव दाते होता. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो आणि त्यांचे मिळतील ते चित्रपट पाहत आलो.

केशवराव 1889 साली जन्मले आणि 1971 साली वारले. त्यांचे नाव आज किती जणांच्या तोंडी आहे? बालगंधर्व सर्वांना ठाऊक आहेत, शांतारामबापू ठाऊक आहेत. केशवरावांचे नाव मात्र श्रेयनामावलीत तिसरे किंवा चौथे. बाप, गुरू, पुरोहित, वकील, म्हातारा शेजारी अशा भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. इंग्रजीत अशा नटाला कॅरॅक्टर ॲक्टर म्हणतात. आपण चरित्र-अभिनेता म्हणतो. बोलपटाच्या आरंभकाळात असे नट जगभर एकाच वेळी का पुढे आले, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

त्या काळी मराठी रंगभूमीवर दोन जाती होत्या. जाती म्हणजे जन्माच्या नव्हेत, कामाच्या. एक संगीत नाटक मंडळी आणि दुसरी गद्य. किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळीचा प्रेक्षक पदे ऐकायला येई. एखाद्या पदाला पाच-सहा वेळा ‘वन्समोअर’ मिळाला तर नाटक तिथेच थांबे आणि कोणाची तक्रार नसे. गद्य मंडळीच्या नटाला ही सवलत नव्हती. त्याच्यापाशी पेटी नाही, सारंगी नाही, तबला नाही. त्याच्यापाशी फक्त वाक्य. ते पडले की नट पडला. अशा गद्य संस्थांत नाव घेण्याजोगी संस्था म्हणजे महाराष्ट्र नाटक मंडळी. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. नुसत्या बोलण्याने सरकार हादरते याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे.

केशवराव या मंडळीत तरुणपणीच आले. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे आरंभी त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. पुढे पुरुषांच्या भूमिकांत त्यांनी नाव काढले. गद्य नटाची ही तालीम पंचवीस वर्षे झाली. पंचवीस वर्षे गाण्याच्या आधाराशिवाय, वाक्याच्या बळावर उभे राहायचे! या शिदोरीची किंमत पुढे बोलपटाने केली.

14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाची सुरुवात केली. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. गाणे आणि बोलणे नटाने कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी करायचे. साहजिकच नायक-नायिका गाणारे हवेत असे ठरले. मग न गाणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या गद्य नटाने जायचे कुठे? तर बापाच्या, गुरूच्या, म्हाताऱ्याच्या भूमिकेत. ज्याला आपण दुय्यम जागा म्हणतो ती अशी तयार झाली. यंत्र बदलले की कारागिराची जागा बदलते हे आपण भिवंडीकरांनी हातमाग गेला आणि यंत्रमाग आला तेव्हा पाहिले आहे. काही कारागीर बुडतात. काहींच्या हातातला जुना गुण नव्या यंत्रात अचानक मोलाचा ठरतो.

ध्वनिग्राहकाने नेमके हेच केले. रंगमंचावर नटाला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज फेकावा लागे. ध्वनिग्राहक डोक्यावर दोन हातांवर टांगलेला; त्याच्यापुढे फेकलेला आवाज हास्यास्पद वाटे. अनेक मोठे नट इथे अडखळले, कारण त्यांना आवाज लहान करता येईना. आवाज लहान करायचा, पण अर्थ लहान होऊ द्यायचा नाही, ही कसोटी होती.

ती एकट्या आपल्याच मुलखाला लागली असे नाही. क्लॉड रेन्स नावाचा इंग्रज नट केशवरावांच्याच साली, म्हणजे 1889 साली, लंडनमध्ये गरीब घरात जन्मला. लहानपणी तो नाटकगृहात नटांना प्रवेशाची वर्दी देणारा पोऱ्या होता. उच्चार गावठी होते; एका मोठ्या नट-चालकाने खर्च करून त्याला बोलायला शिकवून घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, 1933 साली, हॉलिवूडमध्ये त्याला भूमिका मिळाली ती अदृश्य माणसाची! चित्रपट संपता संपता त्याचा चेहरा दिसतो; तोवर नुसता आवाज. त्या आवाजावर त्याने पुढची तीस वर्षे दुय्यम भूमिका केल्या, आणि नायकांपेक्षा तोच लोकांच्या लक्षात राहिला. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. परंतु यंत्राने दोघांकडे एकच गोष्ट मागितली आणि दोघांपाशी ती होती.

त्याच 1933 साली, 1 जुलैला, मुंबईच्या रिपन थिएटरात ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, रंगवलेल्या पडद्यांऐवजी घरासारखे घर उभे केले, आणि माणसे घरात बोलतात तशी रंगमंचावर बोलू लागली. त्या मंडळींत केशवराव होते. चाळिशी उलटलेला, नाव मिळवलेला नट. जुन्या पद्धतीवर टाळ्या मिळत होत्या. बदलण्याची काही गरज नव्हती. तरी ते तरुणांच्या नव्या खटपटीत शिरले. मला त्यांचा मोठेपणा इथे प्रथम दिसतो. पन्नाशीकडे झुकलेला पुढारी नवे काही शिकायला तयार होत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

त्याच साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली, आणि पुण्यातल्या नव्या स्टुडिओत 1934 साली ‘अमृतमंथन’ तयार झाला. राजा यज्ञातले बळी बंद करतो आणि राजगुरू त्याच्या जिवावर उठतो अशी कथा. प्रभातची पद्धत अशी की चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित करायचा. हिंदीत राजगुरू झाला चंद्रमोहन. त्याचा तो पहिलाच चित्रपट. मराठीत राजगुरू केशवराव. चंद्रमोहनचे ते मोठे डोळे पडदाभर दिसले आणि देशभर गाजले. केशवरावांपाशी तसे डोळे नव्हते. त्यांनी तो धर्मवेडा माणूस बोलण्यातून उभा केला. दोघांपैकी कीर्ती कोणाला अधिक मिळाली हे सांगायला नको. डोळ्यांचे छायाचित्र छापता येते, बोलण्याचे येत नाही.

आता ‘कुंकू’कडे येतो. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’, दोन्हींत केशवरावच. कथा ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरची. नीरा नावाची तरुण मुलगी, तिच्या मामाने पैशासाठी फसवून तिचे लग्न काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावून दिले. नीरा हे लग्न मानायचेच नाकारते. ती पळत नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहून नाही म्हणते. नीरेचे काम शांता आपटे यांनी केले आणि ते तेजस्वी आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे आवाज त्या घरात होतील तेवढेच आपण ऐकतो: घड्याळाची टिकटिक, पावले, काठी. लपायला जागाच नाही. गद्य नटाला याहून योग्य घर कोणते मिळणार?

जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठीला नवा नव्हता. देवलांचे ‘शारदा’ 1899 सालचे. त्यातला म्हातारा भुजंगनाथ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याची कवळी, त्याचा कलप, त्याची लग्नाची हौस. प्रेक्षक त्याला हसतात आणि हसून मोकळे होतात. तोच मार्ग केशवरावांपुढे खुला होता. टाळ्या हमखास होत्या. त्यांनी तो घेतला नाही.

त्यांचा काकासाहेब आरशापुढे मिशीची काळजी करतो, तेव्हा हसू येते खरे, पण लगेच विरते. हा माणूस दुष्ट नाही. समाजात त्याला मान आहे, चारचौघे त्याला सज्जन म्हणतात, कायदा त्याच्या बाजूला आहे. त्याने केले ते त्याच्या पिढीतल्या पुष्कळांनी केले होते. म्हणून त्याचा अन्याय अधिक भयंकर वाटतो. राक्षसाने छळ केला तर आपण राक्षसाला शिव्या देऊन घरी जातो. सज्जनाच्या हातून छळ होतो तेव्हा आपल्याला आपले घर आठवते. केशवरावांनी काकासाहेबाची वकिली केली नाही आणि त्याची टवाळीही केली नाही. नीरा बोलते तेव्हा ते ऐकतात. अगदी खरोखर ऐकतात. ते शब्द आत जाताना आपल्याला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतात. समोरचा असा ऐकणारा असल्यामुळे नीरेच्या शब्दाला धार येते. मी तर म्हणेन, शांताबाईंच्या भूमिकेचा निम्मा प्रकाश या म्हाताऱ्यावरून परावर्तित झालेला आहे.

शेवट आपल्याला ठाऊक आहे. काकासाहेबाला आपली चूक उमजते, तो जीव देतो, आणि नीरेने दुसरे लग्न करावे असे पत्र मागे ठेवतो. हा शेवट मला पूर्वी पटत नसे. अन्याय करणाऱ्याने मरून मोठे का व्हावे, आणि मुलीची सुटका म्हाताऱ्याच्या मरणावर का अवलंबून राहावी, असे मला वाटे. मग कायद्याची पुस्तके चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. परंतु हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क आपल्या मुंबई प्रांतात 1947 साली आणि देशभर 1955 साली मिळाला. म्हणजे 1937 साली नीरेसारख्या मुलीला कायद्याने मोकळे होण्याचा एकच रस्ता होता: विधवा होणे! आणि काकासाहेब वकील आहे. हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा पाहिला. आता त्यात मला केवळ एका म्हाताऱ्याचा पश्चात्ताप दिसेना. कायद्याने बंद केलेला दरवाजा दिसू लागला. आत्महत्या हे उत्तर नव्हे हे आजही माझे मत आहे. पण दोष माणसाच्या स्वभावापाशी थांबत नाही, व्यवस्थेपर्यंत जातो, हे त्या नटाने काकासाहेबाला सज्जन ठेवल्यामुळेच दिसते. त्याने खलपुरुष रंगवला असता तर खलपुरुष मेला आणि कायदा सुटला.

या गोष्टीचा मला स्वतःला उपयोग झाला तो सांगतो. पूर्वी एका कारखान्याच्या पगारवाढीच्या वाटाघाटी माझ्याकडे होत्या. गेटसभेत मी शेठजींची नक्कल करी. लोक पोट धरून हसत, टाळ्या पडत. वाटाघाटी मात्र सुटेनात. चार महिने त्यांत गेले आणि मजुरांची घरे उपाशी राहिली. अखेर आमच्यातला एक वयस्कर विणकर, तेलंगणातून आलेला, मला म्हणाला, “भाऊ, त्यांना मागे यायचं असेल तरी येणार कोणत्या तोंडाने? तुम्ही त्यांना तोंडच ठेवलं नाही.” पुढच्या बैठकीत मी नक्कल बंद केली आणि हिशेब मांडला. मागणीतला एक पैसा कमी केला नाही. तडजोड झाली. मी मांडलेले आकडे पहिल्या दिवसापासून तेच होते. त्या चार महिन्यांचा भुर्दंड माझ्या नकलेचा होता. ‘कुंकू’ मी नंतर पाहिला. आधी पाहिला असता तर बरे झाले असते.

आता केशवरावांची आणखी एकच भूमिका विस्ताराने सांगतो, आणि ती या गावात सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. 1941 सालचा ‘शेजारी’, हिंदीत ‘पडोसी’. विश्राम बेडेकरांची कथा. एका गावात एक पाटील आणि एक मिर्झा. पिढ्यांचे शेजारी, बुद्धिबळाच्या पटावर रोज भांडणारे आणि रोज एकत्र येणारे मित्र. धरण बांधू पाहणारा एक भांडवलवाला गावाची एकी मोडण्यासाठी या दोघांत फूट पाडतो. दोघे दुरावतात, आणि अखेर धरण फुटते तेव्हा एकमेकांच्या हातात हात देऊन मरतात. मराठीत पाटील केशवरावांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू ठाकूर झाला मजहर खान. म्हणजे हिंदीत हिंदू नटाने मुसलमान केला आणि मुसलमान नटाने हिंदू. एक वर्ष आधी लाहोरला पाकिस्तानचा ठराव झाला होता. सहा वर्षांनी फाळणी झाली. अशा वेळी ही माणसे हे काम करीत होती.

या चित्रपटातही केशवरावांनी पाटलाला देवमाणूस केले नाही. हा पाटील हट्टी आहे, कानाचा हलका आहे. मित्राचे चुकले असे त्याला खरोखर वाटते. त्याला बोलायचे आहे आणि तो बोलत नाही. हे न बोलणे केशवरावांनी असे काही केले आहे की पाहणाऱ्याला उठून त्याला हलवावेसे वाटते.

मित्रहो, 1970 साली आणि पुन्हा 1984 साली या गावात काय झाले ते मी सांगण्याची गरज नाही. 1984 साली मी चौदा वर्षांचा होतो. गावातले माग बंद पडल्यावर किती शांतता होते ते मी तेव्हा प्रथम ऐकले, आणि ती शांतता मला अजून नको वाटते. त्यानंतर 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या; गल्लीगल्लीतल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना एका सतरंजीवर बसवले. 1992-93 साली मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या सतरंजीवर भाषणे थोडी झाली. नळाच्या पाण्यावर, गटारावर, मुलांच्या भांडणावर बोलणे अधिक झाले. बोलणे बंद न पडू देणे हेच खरे काम होते. ‘शेजारी’तला पाटील ज्या जागी चुकला, ती जागा भिवंडीने स्वतः पोळून घेऊन ओळखली.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. 1942 साली शांतारामबापूंनी प्रभात सोडून राजकमल कलामंदिर काढले. केशवराव तिथे गेले. 1944 साली ‘भक्तीचा मळा’ त्यांनी दिग्दर्शित केला. त्यात सावता माळ्याच्या भूमिकेत मास्टर कृष्णराव होते. 1946 साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त ते कोटणिसांचे वडील झाले. कोटणीस सोलापूरचे, आपल्यासारख्याच विणकरांच्या गावचे. 1955 साली ‘झनक झनक पायल बाजे’ रंगीत आला. त्यात नृत्यगुरू मंगल महाराज केशवराव. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट. रंग, नृत्य, पोशाख यांचा पूर आलेला. आणि त्यात हा म्हातारा आपला 1907 सालचा गद्य शब्द घेऊन ठाम उभा. 1959 सालच्या ‘नवरंग’मध्ये ते नायकाचे वडील, 1961 सालच्या ‘स्त्री’मध्ये कण्व ऋषी. जागा तीच: बाप किंवा गुरू. तीस वर्षे एकाच जागेवर उभे राहून त्यांनी ती जागा कधी शिळी होऊ दिली नाही.

आपल्या गावाच्या भाषेत सांगायचे तर कापडात उभा धागा ताणलेला असतो आणि तो आधी डोळ्यांत भरतो. आडवा धागा धोट्यातून येतो, जातो. कोणी त्याच्याकडे पाहत नाही. पण तो निघाला तर उरते ती नुसती दोऱ्यांची जुडी. चित्रपटातली, नाटकातली, आणि युनियनमधलीही दुय्यम जागा ही आडव्या धाग्याची जागा आहे. सभेत भाषण करणारा एक असतो. वर्गणीची पावती फाडणारे, आजारी मजुराला दवाखान्यात नेणारे, वाद झाला तर दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारे दहा असतात. हार एकाच्याच गळ्यात पडतो.

केशवरावांना हार कमी मिळाले असे मी रडगाणे गाणार नाही. त्यांनी जागा लहान मानली नाही, एवढेच मला सांगायचे आहे. समोरच्याचे खरे ठरावे म्हणून स्वतः चुकीच्या बाजूला उभे राहायचे, आणि ती चूक इतक्या प्रामाणिकपणे करायची की पाहणाऱ्याला ती स्वतःची वाटावी. हे त्यांनी आयुष्यभर केले.

ज्यांनी ‘कुंकू’ पाहिला नसेल त्यांनी तो जरूर पाहावा. नीरेकडे तर आपण पाहालच. एकदा मात्र, ती बोलत असताना, ऐकणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहावे.